दोन माणसांचं काम

वैशाख लागला की आमच्याकडं मेंढरांची लोकर कातरायचं काम निघतं. यंदाही निघालंय. माझा पोरगा महादू लिंबाखाली एकेक मेंढी आडवी पाडायलाय, तिचे चारी पाय सुतळीनं बांधायलाय, आणि मी बाजेवर बसून कातर चालवायलोय. खाली बसणं आता माझ्या पायाला जमत नाही, म्हणून मेंढीच माझ्यापुढं बाजेवर आणून टाकतात. बांधलेली मेंढी आधी दोन-चार झटके देते. मग गप पडते. गप पडली म्हणजे तिला पटलं असं काही नसतं. तिचा वरचा डोळा माझ्यावर लागलेला असतो. साऱ्या जन्मात किती मेंढ्या कातरल्या याचा हिशोब नाही, पण त्या डोळ्याकडं मी कधी बघितलं नव्हतं. आता बघितल्याबिगर राहवत नाही, आणि बघवतही नाही. "बघू नको गं माझ्याकडं," मी हळूच म्हणतो. महादूला वाटतं म्हातारा मेंढरासंगं बोलायला लागला.

मी चौथीत शाळा सोडली. मास्तरनं पट्टी मारली, मी पट्टी हिसकून विहिरीत टाकली, मग परत जायला तोंड राहिलं नाही. तेव्हा माझं अक्षर वाकडं आहे, आणि त्याची मला लाज नाही. वाचायचं त्यानं वाचावं. मला सांगायचंय ते एका उन्हाळ्याचं. त्या उन्हाळ्यात बांधलेला मी होतो.

त्या वर्षी बाभळीला शेंगा लय लागल्या होत्या. उन्हाळ्यात राणीसावरगावच्या माळाला हिरवं म्हणून काही राहत नाही, तेव्हा वाळलेल्या शेंगा म्हणजे मेंढरांची मेजवानीच. महादू म्हणला, "आबा, आकडीनं खालूनच पाडा. वर चढू नका."

आता एवढं ऐकल्यावर मी चढणार नाही तर काय करणार? सत्तरी उलटली होती, पण मला कोणी 'करू नका' म्हणलेलं खपत नाही. एक सांगून ठेवतो, फांदी मोडली नाही. मी ज्या फांदीवर पाय देतो ती मोडत नसते. हात सुटला. खाली पडल्यावर मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानानं ऐकला. वाळलेली काटकी मोडावी तसा.

शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं गुडघ्याखालून आरपार सळई घातली, सळईला दोरी बांधली, दोरी कॉटच्या पायथ्याच्या चाकावरून खाली सोडली आणि तिला वजन लटकवलं. डॉक्टर तरणा होता, बोलायला मऊ. म्हणला, "बाबा, तुमचं बीपी खाली येऊ द्या, साखर ठिकाणावर येऊ द्या. मग ऑपरेशन करू. तोवर हाड असं ताणून धरायचं. हलायचं नाही."

हलायचं नाही. जन्मभर मी ज्याचं नाव घेतलं नाही असं हे एकच काम. आमची जात चालणारी. मेंढरं पुढं, आम्ही मागं. एका गावात सलग पाच मुक्काम झाले तर पाय वळवळायला लागतात. आणि आता कॉट. वर छत, छताला पंखा, पंख्याच्या एका पात्याला कसलातरी काळा डाग. तो डाग फिरताना दिसायचा नाही, लाईट गेली की दिसायचा. मी लाईट जायची वाट बघायचो, म्हणजे काहीतरी बदलायचं. खिडकीतून लिंबाची एक फांदी दिसायची, पण तिच्याकडं बघायला मान इतकी वळवावी लागायची की पायातली कळ डोक्यात जायची. सकाळी उन्हाचा एक चौकोन भिंतीवर यायचा, दुपारी तो माझ्या पोटावर यायचा, आणि मला सरकता यायचं नाही. ऊन बाजूला व्हायची मी वाट बघायचो. साध्या उन्हापुढं मी असा कधी हरलो नव्हतो.

आता घरच्यांचं सांगतो. माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. महादू मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला गेलेला. उन्हाळ्यात शेतकरी खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घेतात, त्यांना शब्द दिलेला असतो. तो आठ दिवसांतून एकदा यायचा, पायाशी उभा राहायचा, दोरीकडं बघायचा आणि जायचा. मग राहिली कोण? सून. गया.

आमच्यात सून सासऱ्याला शिवत नाही. तोंडाकडं बघून बोलत नाही, तो बसलेल्या बाजेवर बसत नाही. गयाला घरात येऊन वीस वर्षं झाली होती, आणि तिचा हात मला लागला असेल तो लग्नात पाया पडली तेव्हाच. ती वॉर्डात यायची, भाकरी स्टुलावर ठेवायची, पाण्याचा तांब्या माझ्या हाताला येईल इतका सरकवायची आणि परत दारापाशी जाऊन उभी राहायची. सारा दिवस दारापाशी. मला पाणी सांडलं तरी ती पुसायला येऊ शकत नव्हती, आणि मी तिला ये म्हणू शकत नव्हतो. आमचं दोघांचं त्यात काही चुकत नव्हतं. रीतच तशी.

धुणं-पुसणं करायला दवाखान्यातली मावशी यायची. मी तिला हाकलली. परक्या बाईमाणसानं मला धुवायचं? मग वॉर्डबॉय आला, त्यालाही हाकलला. मी हातानं पुढचं पुसून घ्यायचो, पाठ राहायची. पाठीखाली माझं घोंगडं होतं, आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं. सिस्टर म्हणली, "बाबा, हे खरबरीत आहे, टोचतं. काढा, मी चादर देते."

मी म्हणलो, "हे टोचत न्हाई. हे आमचं हाय."

एका ऐतवारी दुपारी सात-आठ माणसं वॉर्डात आली. धुतलेले पांढरे शर्ट, बायांच्या कडक घडीच्या साड्या, जणू लग्नाला निघालेत. आणि हातात बादल्या, साबण, जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे, नखं कापायचं. आल्या आल्या त्यांची दोघं-दोघं अशी वाटणी झाली आणि दोघं-दोघं एकेका कॉटपाशी गेली. माझ्यापाशी आली ती साठीची एक बाई, जाड चष्म्याची, आणि एक उंच काळा म्हातारा. त्याच्या खांद्यांवरून कळायचं की गड्यानं जन्मभर जड काम केलंय.

"बाबा, पाठ पुसून घ्यायची का?" बाई म्हणली.

"कोण तुमी?"

"मी सुवार्ता. हे माझे मालक, दानियेल. पिंगळीहून येतो आमी. प्रार्थना झाली की इकडं."

नावावरून मला कळलं. मी म्हणलो, "मंग ऐका. मी पाठ बी पुसून घेणार न्हाई आन नाव बी बदलणार न्हाई."

दानियेल बादली खाली ठेवत म्हणला, "पावणं, नाव बदलायला आधी हाय ते नाव तरी कळाया पाहिजे."

दारापाशी गया हसली. पदराआड हसली, पण हसली. मला तेच लागलं.

"नाव कशाला पाहिजे? वहीत लिव्हायला?"

"हाक मारायला," दानियेल म्हणला.

मी तोंड फिरवलं. फिरवता येण्यासारखं तेवढंच होतं.

तोंड फिरवलं तर शेजारची कॉट दिसायची. तिच्यावर एक माणूस होता, चाळिशीचा असावा. रुळाच्या कडेला पडलेला सापडला म्हणून पोलिसांनी आणून टाकलेला. डोक्याला पट्ट्या. डोळे उघडे, पण बोलणं नाही, हात-पाय हलणं नाही. प्रत्येकाच्या उशाला पाटीवर नाव होतं, त्याच्या पाटीवर नुसतं 'अनोळखी'. वॉर्डात त्याच्याकडं कोणी बघायचं नाही. बघितलं तर आपण त्याचे लागतो की काय असं होईल, अशी भीती.

माझा नाद सोडून ती दोघं त्याच्याकडं गेली. दानियेल ह्या अंगाला उभा राहिला, सुवार्ताबाई त्या अंगाला. दानियेलनं त्या माणसाच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि हळू आवाजात म्हणला, "हैस्सा." त्या एका शब्दाला दोघांचे हात एकदम हलले आणि तो माणूस कुशीवर आला. जराही हिसका नाही. मला पुढं कळलं, दानियेल रेल्वेत गँगमन होता. रूळ उचलताना गँग जी हाळी देते तीच तो इथं देत होता, फक्त एवढ्या हळू की दोन कॉटांच्या पलीकडं जाऊ नये.

ती माणसं गेली. पण ऐतवारीच यायची असं नव्हतं. रोज त्यांच्यातली दोन माणसं यायची, पाळी लावून. रोज मला विचारायची. रोज मी नाही म्हणायचो. मला वाटायचं, माझी जिद ती बघायलेत. आता वाटतं, माझी पाठ ती बघायली होती.

पाठ आधी खाजली, मग जळजळली. मग एक वास यायला लागला. मला वाटलं शेजारच्याचा. मी गयाला ओरडलो, "त्या सिस्टरला सांग, ह्याला हलवा इथून." गया दारापाशी उभी होती आणि पदर नाकाला लावून होती. मला वाटलं रीत म्हणून पदर धरलाय.

डॉक्टरनं एक दिवस मला बळंच कुशीवर करवलं. मागं बघितलं. मग समोर येऊन म्हणला, "बाबा, बीपी आलंय ठिकाणावर. साखर आलीय. मी ऑपरेशन करणार होतो. पण पाठीला जखम पडलीय, आणि ती चिघळलीय. जखम असताना मी मांडीत रॉड घालू शकत नाही. आत पू झाला तर पाय जाईल. पाठ कोरडी झाली तरच ऑपरेशन. नाहीतर हाड असंच वाकडं धरेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही चालणार नाही."

तो गेला. मी पंख्याकडं बघत राहिलो. दारातून गयाचा आवाज आला, जमिनीकडं बघून बोलल्यासारखा. "मामा, ते घोंगडं तरी काढू द्या. त्या बाईला पुसू द्या की."

"तू मला शिकवायलीस?"

"न्हाई. हात जोडायलेय."

"गप उभी ऱ्हा."

ती गप उभी राहिली. आज ते तीन शब्द आठवले की मला माझ्या जिभेचा राग येतो. पण तेव्हा मला माझ्याशिवाय कोणी अडकलेलं दिसत नव्हतं. काट्यांच्या कुपाटीत शिंगं अडकलेला एडका बघितलाय मी. त्याला मागं सरकलं तर सुटता येतं. पण तो पुढंच जोर लावतो, कारण जोर तेवढा त्याला माहीत असतो. मेंढक्यानं जवळ जायचं म्हणलं तर मेंढक्यालाच धडक. मी किती एडके सोडवले आणि किती शिव्या दिल्या त्यांना!

इथं जरा आजचं सांगतो, कारण गावात बोललं जातं. म्हातारा ख्रिस्ती झाला म्हणतात. झालो नाही. बिरोबाचा भंडारा अजून माझ्या कपाळाला आहे, आणि ती माणसंही कधी 'ख्रिस्ती हो' म्हणली नाहीत. पण पाय धड असला आणि एसटी वेळेवर आली तर मी महिन्यातून एखाद्या ऐतवारी त्या वॉर्डात जातो. मला वाकता येत नाही, उचलता येत नाही. कोणाला कुशीवर धरायचं असलं तर स्टुलावर बसून धरतो. एवढंच. कोणी विचारलं, 'आबा, ह्यात तुमाला काय मिळतं?' तर मी दानियेलचं उत्तर देतो. मीच त्याला विचारलं होतं ते, नंतर, बोलायला लागल्यावर. तो म्हणला होता, "रूळ उचलताना मला काय मिळतंय असं कोणी शेजारच्या गड्याला इचारत न्हाई, पावणं. गाडी यायच्या आत उचलायचा असतो." सुवार्ताबाईचं उत्तर निराळं. "आमी प्रार्थनेत म्हणतो, प्रभू, तू दुखणाऱ्यापाशी बसलेला हायस. मंग त्याला भेटायचं तर इथं यावंच लागंल की. तिथं चर्चच्या बाकावर बसून कसा भेटंल?" तिचं मला पुरतं कळलं असं नाही. पण तिच्या हाताकडं बघितलं की ती खोटं बोलत नाही एवढं कळतं.

आता त्या दिवसाचं. सुवार्ताबाई एकटीच आली. दानियेलला ताप होता आणि दुसरं जे यायचं त्याची गाडी चुकली होती. ती आधी शेजारच्या अनोळखी माणसापाशी गेली. त्याच्या खांद्याला हात लावला, ओढून बघितलं. आडवं पडलेलं माणसाचं अंग लय जड असतं. एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं पुसायचं हे होतच नाही, धरलं तर पुसणं राहतं आणि पुसायला गेलं तर तो परत पाठीवर पडतो. दोनदा तसंच झालं. तिनं वॉर्डात नजर फिरवली. रोग्यांची माणसं होती चांगली धडधाकट, कोणी डबा उघडला, कोणी खिडकीबाहेर बघायला लागलं. मावशी दुसऱ्या टोकाला गुंतलेली.

मग ती माझ्याकडं वळली. कमरेवर हात ठेवून म्हणली, "बाबा, पाय बांधलाय तुमचा. हात तर मोकळे हायत ना?"

"मंग?"

"ह्याला जरा तुमच्याकडं ओढून धरा."

"मी? पडलेला माणूस मी."

"पडलेल्यालाच म्हणायलेय. उभे हायत ते तर बघा कसे बसलेत."

तिनं मागं-पुढं बघितलं नाही. त्याची कॉट ढकलत ढकलत माझ्या कॉटला आणून भिडवली. आता तो आणि मी एका बाजेवर असल्यासारखे. मला माझ्या हातांचा गुमान होता, अजून आहे. मस्तीतली मेंढी मी एका हातानं आडवी करतो. मी त्याच्या पलीकडच्या खांद्याला आणि कमरेला हात घातला, आणि माझ्याकडं ओढला. तो आला. सरळ माझ्या छातीशी आला.

त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. डोळा उघडा. तो डोळा माझ्याकडं बघत होता. इतके दिवस मला वाटायचं त्याला काही कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. कोणी पुसलं, कोणी ओरडलं, 'ह्याला हलवा इथून' कोण म्हणलं. त्या डोळ्यात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता आत बसून बाहेर बघत होता.

पलीकडं सुवार्ताबाईनं कोमट पाण्याचा कपडा त्याच्या पाठीवर ठेवला. त्याचा श्वास अडकला, मग लांब सुटला, गरम, माझ्या गालावर. कपाळावरची आठी हळूहळू सरळ झाली. मी ती आठी सरळ होताना बघितली. आणि माझ्या स्वतःच्या पाठीत, जिथं आग लागली होती तिथं, असं काही झालं की मला वाटलं कोणीतरी मला पाणी दाखवून परत नेतंय.

"झालं, सोडा हळू," ती म्हणली. मी सोडला.

ती कपडे पिळायला लागली. मी दोनदा खाकरलो. जन्मात इतकं जड वाक्य मी उचललेलं नाही. म्हणलो, "बाई. माझी बी बघा पाठ."

मला वाटलं ती हसेल, आनंदानं धावत येईल. तिनं चष्मा पुसला आणि म्हणली, "आज न्हाई बाबा."

"का?"

"आज मी एकटी. तुमच्या पायाला वजन हाय, एकटीनं धरताना हिसका बसंल. दोन माणसांचं काम हाय हे. उद्या येतो."

तो दिवस, आणि उद्याची सकाळ! इतके दिवस मी दार लावून बसलो होतो, आणि उघडलं तर बाहेर कोणी नाही. उन्हाचा चौकोन पोटावर आला, गेला. मी गयाला म्हणलो, "हे घोंगडं काढायला सिस्टरला बोलीव." ती पळतच गेली. घोंगडं निघालं तेव्हा त्याच्यासंगं कातडीही निघाली. आमचंच होतं ते, पण टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी दानियेल तापातून उठून आला. तोंड उतरलेलं, डोक्याला मफलर, वैशाखात. मी म्हणलो, "आजारी माणसानं कशाला यायचं?" तो म्हणला, "पावण्यानं बोलावलं म्हणून कळलं." आणि हळूच, "हैस्सा."

मी डोळे मिटून घेतले. परकी बाई माझी पाठ धुवायली आणि परका माणूस मला छातीशी धरून उभा. मी रडलो असं कोणी समजू नये. मी दात खाऊन पडलो होतो आणि मनात सगळ्यांना शिव्या देत होतो, बाभळीला, महादूला, त्या मास्तरला. सुवार्ताबाई मात्र धुता धुता तिच्या कोंबड्यांचं सांगत होती. कोणती खुडूक बसली, कोणती शेजाऱ्याच्या परसात अंडी घालते. मला लाज वाटू नये म्हणून ती बोलत होती, हे मला दोन-तीन दिवसांनी उमगलं. तोवर त्या कोंबड्यांची मला काळजी लागली होती.

मग आमचं रोजचं झालं. आधी शेजारचा, मग मी. आणि शेजारच्याला धरायला मीच, दानियेल असला तरी. त्या दोन कॉटा आता भिडवलेल्याच असायच्या. मला हलता येत नव्हतं, दोरी तशीच होती, वजन तसंच होतं. पण दिवसातून एकदा त्या वीतभर अंतरात तो आणि मी एकमेकांकडं बघायचो, आणि तेवढा वेळ मला छत दिसायचं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टरनं पाठीवर अंगठा दाबून बघितला. "कोरडी आहे. उद्या सकाळी घेऊ."

मी खूश व्हायला पाहिजे होतो. सकाळी कळलं, मानवतला त्यांच्यातलं एक म्हातारं माणूस वारलंय, दानियेल आणि बाकीचे सगळे मातीला गेलेत. वॉर्डाला खाडा पडू नये म्हणून सुवार्ताबाई तेवढी आली होती. माझं स्ट्रेचर आलं. दोरी सोडली, मला उचलून वर घेतलं. सुवार्ताबाई अनोळखी माणसाच्या कॉटपाशी उभी, बादली खाली, आणि ह्या अंगाला कोणी नाही. माझी जागा रिकामी.

"ह्याला आज कोण धरंल?" मी म्हणलो.

"तुमी जावा बाबा. बघते मी."

"एकट्यानं होत न्हाई, तुमीच म्हणलाव!"

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं. दारातून वळवताना मी मान उचलून मागं बघितलं. गया दारापाशी नव्हती. ती माझ्या रिकाम्या कॉटवर गुडघा टेकून उभी होती, पदर कमरेला खोचलेला, आणि तिनं त्या माणसाच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातला होता. अगदी माझ्यासारखा. रोज दारातून बघत होती ना. तिनं त्याला आपल्याकडं ओढला आणि त्याचं पट्टी बांधलेलं डोकं तिच्या खांद्यावर आलं.

परक्याला शिवायला तिला बंदी नव्हती. बंदी माझी होती. तो तिचा कोणी लागत नव्हता म्हणून ती त्याला धरू शकत होती. मी लागत होतो, म्हणून माझी पाठ सडताना ती दारात उभी होती. माझ्या पायाला दोरी होती, ती डॉक्टरनं बांधली होती आणि आज सोडली. तिची दोरी कोणी बांधली होती, आणि ती सोडायची कोणाच्या हातात होती, हे मला त्या स्ट्रेचरवर, छत मागं मागं सरकताना कळायला लागलं.

ऑपरेशन झालं. मला दुसऱ्या वॉर्डात टाकलं. अनोळखी माणसाची खबर सुवार्ताबाईनंच सांगितली. गयानं धरलेलं असतानाच तो पहिल्यांदा बोलला म्हणे, पण ह्या दोघींना काही कळेना. दुसऱ्या दिवशी दानियेलला कळलं, त्याच्या गँगमध्ये तेलुगू गडी होते. तो पाणी मागत होता. मग हळूहळू गावाचं नाव निघालं, पोलिसांनी निरोप धाडला, आणि एक भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. जाताना मला भेटला नाही. तो वॉर्ड निराळा, हा निराळा. त्याच्या पाटीवर शेवटी काय नाव लिहिलं हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुवार्ताबाई आणि दानियेल माझ्याकडं आले. मांडीत लोखंड, टाके ओले, बोट लावलं तरी कळ निघत होती. दानियेलनं बाह्या वर केल्या आणि माझ्या ह्या अंगाला आला.

मी म्हणलो, "तुमी सरका जरा."

"का? काय झालं पावणं?"

मी दाराकडं बघितलं. ती तिथंच होती, नेहमीच्या जागी, नजर फरशीवर. मी हाक मारली. "गया."

तिनं मागं वळून बघितलं. कोणाला बोलावलं ते तिला कळलं नाही.

"गया, तुलाच म्हणायलोय. ये. ह्या अंगाला धर."

ती हलली नाही. सुवार्ताबाई कपडा हातात घेऊन थांबली. दानियेल भिंतीला टेकून उभा राहिला. बाजूच्या कॉटवरची माणसं बघायली होती, त्यांत आमच्या भागातलंही एक जोडपं होतं. ते गावात जाऊन काय सांगणार हे मला ठाऊक होतं. गयालाही ठाऊक होतं.

मग ती आली. पदर कमरेला खोचला. हात आधी स्वतःच्या लुगड्याला पुसला, मग माझ्या खांद्याखाली घातला. खरबरीत हात, लाकडं फोडणारा, धारा काढणारा. तिनं मला आपल्याकडं ओढलं. वीस वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली तिचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. हनुवटीवर गोंदण होतं, तीन ठिपके. कानापाशी केस पिकले होते. ते कधी पिकायला लागले मला माहीत नव्हतं.

"मामा," ती म्हणली, माझ्याकडं बघून, "दुखलं तर सांगा."

टाक्यांतून जाळ निघाला होता, डोळ्यापुढं काजवे चमकायले होते.

"न्हाई दुखत," मी म्हणलो. "नीट धर."